फोटो चुकला तो चुकला, पण डी सिका आधी नट होता हे तरी लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जागतिक सिनेमावरचं जे सदर चालू आहे त्यात या वेळी इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ डी सिकावर लेख आला, बघून बरं वाटलं, कारण मराठी पेपरात हल्ली असं काही येतच नाही, या आठवड्यात ओटीटीवर काय पाहाल एवढंच येतं. पण लेखाबरोबर जो फोटो छापलाय आणि खाली 'दिग्दर्शक डी सिका' असं लिहिलंय तो माणूस डी सिका नाही हो. तो लाम्बेर्तो माज्जोरानी, डी सिकाच्याच 'बायसिकल थीव्ज'मधला बाप. डी सिका दिसायला एकदम वेगळा. उंचापुरा, केस मागे वळवलेले, सूट कडक इस्त्रीचा, आणि हसला की बायका पाघळायच्या अशातला. त्या काळच्या इटलीत तो हिरो होता, नुसता हिरो नाही तर गाणारा हिरो, रेकॉर्डी निघायच्या त्याच्या.

फोटोचं मी एकवेळ समजू शकतो, नेटवर नाव टाकलं की आधी सायकलवाल्याचेच फोटो येतात. पण अख्खा लेखच त्या फोटोसारखा झालाय. 'गरिबांचा दिग्दर्शक', 'शोषितांचा आवाज' वगैरे सगळं आहे, आणि ज्या माणसाने दीडशेच्या आसपास पिक्चरमध्ये काम केलं त्याच्या नटगिरीला एक ओळ, की सुरुवातीला त्याने किरकोळ अभिनय केला. आणि शेवटी आणखी एक ओळ, की उत्तरार्धात पैशासाठी तडजोडी केल्या. या दोन ओळींसाठी हे पत्र लिहितोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

जन्म ७ जुलै १९०१ चा, सोरा नावाच्या गावातला, रोम आणि नेपल्सच्या मधे कुठेतरी येतं ते. वडील उम्बेर्तो बँकेत कारकून, आई नेपल्सची. परिस्थिती बेताची. घर हलत राहिलं, आधी नेपल्स, मग फ्लोरेन्स, मग रोम, आणि पोरगं शिकलं काय तर अकाउंट्स. म्हणजे बापासारखं कुठेतरी चिकटायचं आणि पेन्शनला लागायचं असाच साधारण प्लॅन असणार घरच्यांचा. पण पोरवयातच एका मूकपटात छोटा रोल मिळाला आणि १९२३ मध्ये तो तात्याना पाव्हलोव्हा या रशियन नटीच्या नाटक कंपनीत शिरला. मग दहा वर्षं नाटक, विनोदी प्रवेश, गाणी, नकला, जे पडेल ते. हा दहा वर्षांचा काळ लेखात नाहीच आणि माझ्या मते पुढचं सगळं तिथूनच येतं.

१९३२ मध्ये मारिओ कामेरिनी नावाच्या दिग्दर्शकाने त्याला एका ड्रायव्हरचा रोल दिला. शोफर असतो, सेंटच्या दुकानातल्या पोरीवर जीव जडतो, आणि मालकाची गाडी घेऊन आपलीच आहे अशा थाटात तिला फिरवतो. पिक्चर तुफान चालला, त्यातलं 'पार्लामी दामोरे मारियू' हे गाणं इटलीत अजून लोक गुणगुणतात, आणि डी सिका रातोरात स्टार झाला. पण या पिक्चरची गंमत वेगळीच आहे. कामेरिनीने बराच भाग स्टुडिओच्या बाहेर काढला, मिलानच्या खऱ्या रस्त्यांवर आणि तिथल्या मोठ्या प्रदर्शनात, म्हणजे फेअरमध्ये, खऱ्या गर्दीत. १९३२ साली! म्हणजे युद्धानंतर कॅमेरा रस्त्यावर आणला म्हणून ज्याचं कौतुक होतं तो माणूस सोळा वर्षं आधी स्वतः त्याच कॅमेऱ्यासमोर रस्त्यावर गाडी चालवत होता, आणि ते सुद्धा एका हलक्याफुलक्या लव्हस्टोरीत.

नंतरची सात-आठ वर्षं अशाच पिक्चरची. मुसोलिनीचा काळ, सेन्सॉर कडक, त्यामुळे श्रीमंतांचे बंगले, गैरसमज, हॉटेलं, लग्नं. समीक्षक नंतर त्यांना 'पांढऱ्या टेलिफोनचे पिक्चर' म्हणून नावं ठेवायला लागले कारण सेटवर कायम पांढरा टेलिफोन दिसायचा. डी सिका या सगळ्यात असायचा पण त्याचं पात्र बहुतेक वेळा श्रीमंत नसायचंच, श्रीमंतीचं सोंग आणणारा साधा माणूस असायचा. 'सिन्योर मॅक्स'मध्ये तो पेपर विकणारा आहे, आणि उमराव असल्याचं नाटक करत श्रीमंतांच्या पार्टीत घुसतो. कपडे चांगले आहेत पण खिशात पैसे नाहीत, आणि ते कुणाला कळू द्यायचं नाही, असा माणूस. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९४० पासून दिग्दर्शन सुरू केलं ते पण विनोदीच, होस्टेलमधल्या पोरी, शाळामास्तरणी, अनाथाश्रमातला डॉक्टर, असलं. मग चेझारे झवात्तिनी भेटला. हा लेखक, आणि तुमच्या लेखात त्याचं नाव फक्त एकदा आलंय, ते पण कंसात. अहो या दोघांना वेगळं काढताच येत नाही, जवळजवळ तीस वर्षं बरोबर काम केलं त्यांनी. झवात्तिनीच्या डोक्यात थिअरी, डी सिकाच्या हातात माणसं. पहिला खरा मोठा पिक्चर 'द चिल्ड्रन आर वॉचिंग अस', आई घर सोडून प्रियकराकडे जाते आणि चार-पाच वर्षांचं पोर नुसतं बघत राहतं, युद्ध चालू असताना काढलेला.

आणि आता युद्धाचा किस्सा, जो लेखात यायलाच हवा होता. सप्टेंबर १९४३ नंतर रोम जर्मनांच्या ताब्यात. फॅसिस्ट सरकारला आपली सिनेमा इंडस्ट्री उचलून उत्तरेला व्हेनिसला न्यायची होती आणि डी सिकासारखे स्टार त्यांना हवे होतेच. जर्मनांकडूनही बोलावणं आलं. याला कुठेच जायचं नव्हतं. तर नेमका त्याच वेळी व्हॅटिकनच्या जवळच्या लोकांकडून एक धार्मिक पिक्चर करायला मिळाला, 'द गेट ऑफ हेवन', आजारी लोक ट्रेनने लोरेतोच्या देवीच्या यात्रेला निघालेत अशी गोष्ट. हातात व्हॅटिकनचं काम आहे, सोडता येत नाही, असं सांगून याने दोन्ही बोलावणी टाळली. शूटिंगचा मोठा भाग सेंट पॉल बॅसिलिका या मोठ्या चर्चमध्ये, तिथे जर्मनांना सहज शिरता येत नव्हतं. मग एक्स्ट्रा म्हणून माणसं घ्यायला लागले, आणि घेतलेली माणसं कोण तर लपलेले लोक, विरोधी राजकारणातले, ज्यू, सैन्यातून पळालेले, शेकडो. ती सगळी तिथेच राहायची, जेवायची, झोपायची. आणि शूटिंग काही केल्या संपेना. सीन परत, लाईट परत, अजून एक टेक. काही वेळा म्हणे कॅमेऱ्यात फिल्मच नसायची. जून १९४४ मध्ये अमेरिकन रोममध्ये आले आणि मगच पिक्चर पूर्ण झाला. आता सांगा, याला दिग्दर्शन म्हणायचं की अभिनय. मी तर म्हणेन सगळ्यात मोठा रोल त्याने तिथेच केला, आणि प्रेक्षक कोण, तर नाझी.

युद्ध संपल्यावर रोमच्या रस्त्यावर अमेरिकन सैनिकांचे बूट पॉलिश करणारी पोरं होती. त्यातली दोन त्याने पाहिली, कमावलेले पैसे ती बागेत घोडा भाड्याने घेऊन फिरण्यात उडवायची. भूक लागलेली, अंगावर धड कपडे नाहीत, आणि पैसे कशावर, तर घोड्यावर. 'शूशाईन' त्यातून आला, १९४६ ला. त्या दोघांना मात्र पिक्चरमध्ये घेतलं नाही, चेहरे पडद्यावर चालणार नाहीत असं वाटलं म्हणे, दुसरी पोरं घेतली, ज्यातला फ्रांको इंटरलेंगी पुढे चांगला मोठा नट झाला. म्हणजे 'खरी माणसं घेतली' हे जे आपण घोकतो ना, ते असं आहे. डी सिका खरा माणूस घ्यायचा, पण निवडून घ्यायचा, कास्टिंग करूनच. पिक्चर इटलीत सपशेल पडला. अमेरिकेत ऑस्करवाल्यांनी खास पुरस्कार दिला, तेव्हा परदेशी भाषेची कॅटेगरीच नव्हती, ती पुढे निघाली त्याला या असल्या पिक्चरचा हातभार आहे.

'बायसिकल थीव्ज'ची स्टोरी परत सांगत नाही, तुमच्या लेखात अर्धा भाग तीच आहे. पोस्टर चिकटवायची नोकरी, सायकल पाहिजे, घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवतात, पहिल्याच दिवशी चोरीला जाते, बाप आणि पोरगा रविवारभर रोममध्ये शोधत फिरतात. झालं. पण पैसे उभे करायच्या वेळी काय झालं ते सांगतो. कुणी पैसे देईना, तेव्हा हॉलिवूडचा प्रोड्युसर डेव्हिड सेल्झनिक तयार झाला, पण अट काय, तर हिरो केरी ग्रँट हवा. केरी ग्रँट, हॉलिवूडचा तो सुटाबुटातला स्टार, आणि सायकल चोरीला गेलेला बेकार मजूर! डी सिका म्हणाला निदान हेन्री फोंडा तरी द्या. नाही जमलं. मग इटलीतूनच पैसे गोळा केले आणि फॅक्टरीतला कामगार माज्जोरानी घेतला. पोरगा, एन्झो स्तायोला, शूटिंग बघायला जमलेल्या गर्दीत सापडला, चालण्यावरून निवडला.

आणि इथे माझा मुख्य मुद्दा येतो. या लोकांना ऍक्टिंग येत नव्हती. मग पडद्यावर जे दिसतं ते कुठून आलं? डी सिका प्रत्येकाला प्रत्येक सीन करून दाखवायचा. बापाचा, पोराचा, पोलिसाचा, चोराच्या आईचा, सगळ्यांचा. गॅदरिंगचं नाटक बसवणारे मास्तर जसे राजापासून भालदारापर्यंत सगळं स्वतः करून दाखवतात ना, तसं. फक्त हे मास्तर देशातले नंबर एकचे नट होते. पोराला रडवायला त्याच्या खिशात गुपचूप सिगरेटची थोटकं टाकली आणि सगळ्यांसमोर चिडवलं असा एक किस्सा सांगतात, तो आज कुणी केला तर बरंच काही होईल, आणि व्हायलाच पाहिजे, पण तेव्हा चाललं.

आणि पिक्चर नीट बघा, किती विनोद आहे त्यात. पोरगं भिंतीकडे तोंड करून लघवीला उभं राहतं आणि बाप नेमकी तेव्हाच हाक मारतो. हॉटेलात पलीकडच्या टेबलावरचा श्रीमंत पोरगा काटा-चमच्याने खातोय आणि इकडे आपला ब्रुनो चीजची तार ताणतोय आणि मधूनच वळून त्याच्याकडे बघतोय. पावसात परदेशी पाद्र्यांचा घोळका आडोशाला येऊन बडबडत उभा राहतो (त्यात एक पोरगेलासा सेर्जिओ लिओने आहे, पुढे वेस्टर्न काढणारा, बघा सापडतो का). हे टायमिंग थिअरीतून येत नाही. दहा वर्षं विनोदी प्रवेश केलेल्या माणसालाच कळतं की दुःखाच्या सीनच्या आधी कुठे हसवायचं. आणि तो पाऊस पण खरा नाही बरं का, फायर ब्रिगेडचा आहे. सगळं ठरवून, आखून, जुळवून केलेलं काम आहे ते, 'कॅमेरा घेतला आणि रस्त्यावर सत्य टिपलं' असं जे तुमच्या लेखकाने लिहिलंय त्याने डी सिकाच्या मेहनतीचा अपमानच होतो. १९४८ चा पिक्चर, आणि १९५२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाने जगातल्या समीक्षकांना सर्वोत्तम पिक्चर विचारला तेव्हा हा पहिला आला. माज्जोरानीची मात्र फॅक्टरीतली नोकरी गेली. पुढे पिक्चरमध्ये छोटीमोठी कामं शोधत राहिला बिचारा.

मला स्वतःला 'उम्बेर्तो डी' जास्त आवडतो, १९५२ चा. नाव वडिलांचं, आणि पिक्चर त्यांनाच अर्पण केलाय. पेन्शनीत न भागणारा रिटायर्ड सरकारी माणूस, भाड्याची खोली, घरमालकीण बाहेर काढायच्या मागे, आणि एक कुत्रा. रोल करणारा कार्लो बात्तिस्ती हा नट नाही, फ्लोरेन्सच्या विद्यापीठातला भाषाशास्त्राचा प्रोफेसर. आता यातला भीक मागायचा सीन. म्हाताऱ्याला भीक मागायची आहे पण जमत नाही, हात पुढे करून बघतो, प्रॅक्टिस करतो, आणि खरंच एक माणूस थांबून पैसे द्यायला लागतो तसा हा पटकन तळवा उलटा करतो, जणू पाऊस पडतोय का ते बघत होता. मग टोपी कुत्र्याच्या तोंडात देतो आणि आपण खांबाआड लपतो. तेवढ्यात ओळखीचे साहेब येतात आणि विचारतात अरे हा तुझा कुत्रा इथे काय करतोय, की हा बाहेर येऊन म्हणतो, काही नाही, खेळतोय. मी वर म्हटलं होतं ना, कपडे चांगले, खिसा रिकामा, कळू द्यायचं नाही. 'सिन्योर मॅक्स'च तो, म्हातारा झालेला. तोच विनोद, फक्त हसता येत नाही. हा तळहात उलटा करायचा प्रकार लेखकाच्या टेबलावर सुचला की डी सिकाला स्वतः करून बघताना सुचला हे मला माहीत नाही, पण नटाशिवाय दुसरा कुणी त्याचा असा सीन करू शकला नसता.

हा पण पडला. वर जुलिओ आंद्रेओत्ती, जो पुढे अनेकदा पंतप्रधान झाला आणि तेव्हा सरकारात सिनेमाचं खातं बघत होता, त्याने डी सिकाला उघड पत्र लिहिलं, की जगाने इटली म्हणजे हेच असं समजलं तर तुम्ही देशाची फार वाईट सेवा केली असं होईल. ओळखीचं वाटतं ना? १९८० मध्ये नर्गिसने राज्यसभेतून सत्यजित रायना हेच ऐकवलं, गरिबी परदेशात विकतात म्हणून. सरकारी माणसं सगळीकडे सारखीच. आंद्रेओत्तीच्या हातात तर अनुदानाची नाडी होती, त्यामुळे पुढे असल्या पिक्चरला पैसा मिळणं आणखी अवघड झालं.

आता त्या 'तडजोडी'वर येतो. डी सिका जुगारी होता. थोडाथोडका नाही, पक्का. मॉन्टे कार्लो आणि बाकीचे कॅसिनो, रात्र रात्र, आणि हरायचा. त्यात घरं दोन. पहिली बायको जुदित्ता रिस्सोने, नाटकातली नटी, तिच्यापासून मुलगी. मग १९४२ च्या सुमारास मारिया मेर्कादेर ही स्पॅनिश नटी, तिच्यापासून दोन मुलगे, धाकटा ख्रिश्चन आज इटलीतला मोठा विनोदी स्टार आहे. इटलीत १९७० पर्यंत घटस्फोटच नव्हता. मग मेक्सिकोत जाऊन १९५९ ला लग्न केलं, ते इटलीत चालेना, शेवटी फ्रान्सचं नागरिकत्व घेऊन १९६८ मध्ये पॅरिसला लग्न. तोपर्यंत दोन्ही घरं सांभाळली. थर्टी फर्स्टला एका घरातलं घड्याळ मागे करून ठेवायचा म्हणे, म्हणजे बारा वाजता दोन्हीकडे ग्लास उचलता येईल.

हे सगळं चालवायला पैसा लागायचा, आणि स्वतःच्या पिक्चरमध्ये पण तो स्वतःचा पैसा घालायचा, आणि ते पडायचे. मग पैसा कुठून? नटगिरीतून. १९५३ चा 'ब्रेड, लव्ह अँड ड्रीम्स', जीना लोलोब्रिजिदाबरोबर, खेड्यात बदली होऊन आलेला मिशीवाला पोलिस अधिकारी, वय झालंय पण लाईन मारायची सवय जात नाही. इतका चालला की त्याचे पुढचे भाग निघाले. त्याच वर्षी मॅक्स ओफ्युल्सच्या 'मादाम दे'मध्ये इतका तरल, इतका सभ्य प्रेमिक केलाय की दोन्ही रोल एकाच माणसाचे वाटत नाहीत. १९५७ ला हॉलिवूडच्या 'अ फेअरवेल टू आर्म्स'मध्ये आर्मी डॉक्टर, ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, आणि प्रोड्युसर कोण, तर तोच केरी ग्रँटवाला सेल्झनिक. बाकी कितीतरी फालतू पिक्चर केले, हे मान्य, चेक मिळाला की कुठेही उभा राहायचा, काही बघवत नाहीत. पण त्याला तडजोड म्हणणाऱ्यांनी हे पण सांगावं की 'उम्बेर्तो डी' कशावर निघाला असता. आपल्याकडे राजा परांजपे एकाच पिक्चरमध्ये दिग्दर्शक पण असायचे आणि नट पण, 'जगाच्या पाठीवर' बघा, आपण कधी त्यांचे दोन तुकडे करून हा खरा आणि तो पोटासाठी असं म्हणतो का. मग इटलीतल्या माणसाचेच का करायचे.

या दोन्ही बाजू एकत्र बघायच्या असतील तर 'जनरल देला रोव्हेरे', १९५९, दिग्दर्शक रोबेर्तो रोस्सेलिनी. डी सिका यात एक भुरटा ठग आहे, जुगारी (हो, जुगारीच), जर्मनांनी पकडलेल्या लोकांच्या नातेवाईकांकडून सोडवतो म्हणून पैसे उकळणारा, ते पैसे पत्त्यांत घालवणारा. जर्मन त्याला पकडतात आणि म्हणतात, तुरुंगात जा, देला रोव्हेरे नावाच्या जनरलचं सोंग घे आणि बंडखोर कोण आहेत ते काढून दे. हा जातो, सोंग घेतो, बाकीचे कैदी त्याच्याकडे आदराने बघायला लागतात, त्याच्यासमोर माणसं छळाने मरतात, आणि हळूहळू ते सोंग अंगात भिनतं. शेवटी नाव सांगून सुटता येत असतं पण जनरल म्हणूनच गोळ्या खायला उभा राहतो. युद्धात कॅमेऱ्यात फिल्म न घालता शूटिंग करणारा माणूस हा रोल करतोय हे माहीत असलं की अंगावर काटा येतो. व्हेनिसच्या महोत्सवात गोल्डन लायन हा पहिला पुरस्कार मिळाला, दुसऱ्या एका पिक्चरबरोबर विभागून. तुमच्या लेखात या पिक्चरचं नावसुद्धा नाही!

सोफिया लॉरेनचं लेखात आलंय पण 'ग्लॅमरकडे वळला' असं. 'टू विमेन' ग्लॅमर? युद्धात पोरीला घेऊन पळणारी आई, चर्चमध्ये दोघींवर सैनिकांचा बलात्कार. आधी आईचा रोल ॲना मान्यानी या इटलीतल्या मोठ्या नटीला द्यायचा होता आणि सोफिया मुलगी, मान्यानीला ते पटलं नाही, मग पंचविशीतल्या सोफियालाच आई केलं. तिला बेस्ट ऍक्ट्रेसचं ऑस्कर मिळालं, इंग्रजी नसलेल्या रोलला मिळालेलं पहिलंच. तिला पण तो प्रत्येक सीन करून दाखवायचा, तिने स्वतः कितीतरी मुलाखतींत सांगितलंय. 'यस्टरडे, टुडे अँड टुमारो' हा १९६३ चा, त्याला परदेशी पिक्चरचं ऑस्कर. नंतरची काही वर्षं खरंच हलकी गेली, त्यावर वाद नाही. पण १९७० मध्ये परत 'द गार्डन ऑफ द फिंझी-काँटिनीज', फेर्रारा शहरातलं श्रीमंत ज्यू कुटुंब, बंगल्याच्या भिंतीआड टेनिस खेळतंय आणि बाहेर मुसोलिनीचे कायदे एक एक करून येतायत. बर्लिनच्या महोत्सवात गोल्डन बेअर, आणि आणखी एक ऑस्कर, एकूण चौथं. १३ नोव्हेंबर १९७४ ला पॅरिसजवळ गेला. सत्तरीत असं काम करणाऱ्याचा उत्तरार्ध तडजोडीचा कसा?

आपल्याकडचा संबंध तुमच्या लेखकाने थोडक्यात दिलाय, बरोबर आहे. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला (जो आता दरवर्षी गोव्यात होतो तोच), त्यात डी सिकाचे पिक्चर आले, बिमल रॉयनी पाहिले, पुढच्या वर्षी 'दो बिघा जमीन'. राय यांनी त्याआधीच लंडनला असताना 'बायसिकल थीव्ज' पाहिला होता. १९५४ ला राज कपूरचा 'बूट पॉलिश', सरळ 'शूशाईन'चा चुलतभाऊ. एवढंच सांगायचंय की आपण डी सिकाकडून रस्ता घेतला, गरिबी घेतली, लहान पोरं घेतली, पण त्याचा विनोद मात्र फार कमी जणांनी घेतला. त्यातल्या त्यात 'बूट पॉलिश'मध्ये डेव्हिड आहे, डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आडनावावरूनच कळतं कुठले ते, त्यांच्या जॉन चाचात थोडा डी सिका दिसतो मला, तुरुंगातलं 'लपक झपक' आठवा. बाकी सगळीकडे नुसते अश्रू.

पुढच्या वेळी त्याच्यावर काही छापणार असाल तर एक विनंती, सुरुवात सायकलपासून नको. 'गोल्ड ऑफ नेपल्स' नावाचा १९५४ चा पिक्चर आहे, त्यात वेगवेगळ्या छोट्या गोष्टी आहेत, त्यातली एक जुगारी काउंटची, दिग्दर्शन डी सिका आणि काउंट पण डी सिका. बायकोने पैसे बंद केलेत, क्लबात कोणी घेत नाही, म्हणून हा एवढा मोठा उमराव रोज इमारतीच्या दरवानाच्या आठेक वर्षांच्या पोराला बळजबरी पत्ते खेळायला बसवतो, आणि रोज हरतो. पोराला खेळायचं पण नाहीये, त्याला बाहेर मित्रांकडे जायचंय, कंटाळून पान टाकतंय आणि जिंकतंय, आणि हा समोर घाम पुसत, चिडत, नशिबाला शिव्या देत, पुढचा डाव मांडतोय. थोडक्याच वेळाचा भाग आहे, इंग्रजी सबटायटलसकट मिळतो. तुमच्या लेखकाला पाठवा.

पत्र फारच लांबलंय, कापावं लागेल हे कळतंय. बिमल रॉयवाला पॅरा कापला तरी चालेल, तो सगळ्यांना माहीत असतो. जुगाराचा आणि व्हॅटिकनचा ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर